अण्णांनी गल्ली ॲपमध्ये घातली

"थांबा! घास खाली ठेवा."

घाटनांदूरला आमच्या गल्लीत कुणी जेवायला बसलं आणि दारातून हा आवाज आला, की समजायचं, विश्वनाथअण्णा आले. वय सत्तरीच्या पुढं, कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी आणि हातात मोबाइल. ते सरळ आत येतात, स्टूल मागतात, त्यावर चढतात आणि तुमच्या ताटाचा वरून फोटो काढतात. वरूनच का, तर ॲपला तसाच लागतो. "तिरका काढला की त्याला खालची भाकरी दिसत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा ते स्टुलावर चढले तेव्हा माझ्या बायकोनं घाबरून त्यांना धरलं होतं. आता ती नुसतं स्टूल पुढं सरकवते आणि वर, "गुर्जींची दुसरी भाकरीही येऊ द्या फोटोत," अशी चुगली करते.

मी इथल्या शाळेत मास्तर. अण्णांची आणि आमची भिंत एक. त्यामुळं हे संकट सगळ्यांत आधी माझ्यावर कोसळलं.

संकटाचं मूळ म्हणजे गौरी, अण्णांची नात. नववीत आहे. पोरगी हुशार, बोलकी, पण वजन वयाच्या फार पुढं निघून गेलेलं. जिना चढली तरी दम लागायचा, गुडघे दुखायचे. तिच्या आईनं, सुनंदानं, तिला अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की साखर आत्ताच आवरली नाही तर पुढं जड जाईल. पण पोरीला उपाशी ठेवायचं नाही, तिला एकटीला पथ्याचं ताट द्यायचं नाही. बदलायचं तर आख्ख्या घरानं बदलायचं. त्यासाठी मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. घरातल्या सगळ्यांनी काय खाल्लं, किती चालले, ते त्यात टाकायचं आणि आठवड्यातून एकदा शहरातल्या एक मॅडम फोनवर बोलणार.

सुनंदा अंगणवाडीत जाते, नवरा दिवसभर घरच्या किराणा दुकानात. राहिले अण्णा. त्यांनी फोन हातात घेतला तो घेतलाच.

ॲपनं पहिलाच प्रश्न विचारला, मुलीबरोबर कोण कोण जेवतं? आता अण्णा पडले खरं बोलणारे. गौरी सकाळी घरी खाते, शाळेला जाताजाता आमच्याकडं धपाटं उचलते, येताना शिवणकाम करणाऱ्या रुक्मिणबाईंच्या ओट्यावर बसून चिवडा खाते आणि संध्याकाळी जिथून फोडणीचा वास येईल तिथं जाते. अण्णांनी सगळ्यांची नावं आणि नंबर भरून टाकले. नात्याच्या रकान्यात मी चुलता झालो, माझी बायको चुलती आणि रुक्मिणबाई आत्या. विचारलं कुणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर गणित मांडत असताना माझा फोन वाजला. 'अभिनंदन! आपण गौरीच्या कुटुंबात सामील झाला आहात. आज किती भाज्या खाल्ल्या?' मला वाटलं, बँक खातं साफ करणारी टोळी असणार. मी फोनच बंद करून टाकला.

पहिल्या कॉलला मॅडमही गोंधळल्या होत्या. "अण्णा, एका घरात एवढी माणसं राहता?"

"शरणार्थ, मॅडम," अण्णांनी आधी रिवाजाचा नमस्कार घातला. "घर एक कुठं हाय? गल्ली एक हाय."

"मग कुटुंबप्रमुख कोण?"

"ज्याच्या घरी सैपाक चांगला, तो."

मॅडम हसल्या असाव्यात, कारण नावं काही काढली नाहीत.

गंमत अशी, की याच अण्णांनी सारी हयात लोकांना खाऊ घालण्यात घालवली. गावात कुठंही पंगत असो, बुंदीची बादली अण्णांकडं. नको म्हणणाऱ्याला दोन मुठी, गप्प बसणाऱ्याला चार. "पोटात जागा असती, मनातच नसती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवे जावई ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे, तर अण्णा हातांवर वाढायचे. गौरीला तर ते दिवसातून इतक्यांदा "जेवलीस का?" विचारत, की ती उत्तर द्यायच्या आधी तोंड उघडायची आणि अण्णा त्यात काहीतरी घालायचे.

असा माणूस ॲपच्या नादी लागला तो पार टोकाला गेला. दुकानात दर्शनी लटकणाऱ्या चटकमटक पाकिटांच्या माळा त्यांनी काढल्या आणि पेंडीच्या पोत्यांमागं नेऊन टांगल्या, त्यांच्या जागी फुटाण्याच्या पुड्या लावल्या. "गिऱ्हाईक काय आता फुटाणे मागनार व्हय?" अण्णांचा पोरगा वैतागला. "मागंल की. न्हाई मागितलं तर दे." गल्लीतली पोरं दुकानात शिरण्याआधी अण्णा घरात आहेत का ते डोकावून बघायला लागली.

मग आली येळवस. पुस्तकातली वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि सगळे शेतात जातात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा करायची आणि डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली आंबील असं जेवायचं. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायचं आणि त्यानंही नाही म्हणायचं नाही. अण्णांच्या शेतात आख्खी गल्ली जमली होती. अण्णांनी स्टूलसुद्धा गाडीत घालून आणलं होतं.

फोटो निघाले. ॲपला आंबील कळेना. 'हा पदार्थ ओळखता आला नाही. सूप आहे का?'

"सूप म्हनतंय आंबिलीला!" अण्णा फोनवर खेकसले. "ये बे एकदा शेतात, तांब्याभर पाजतो तुला."

सगळे हसले. गौरीही हसली. तेवढ्यात रुक्मिणबाई म्हणाल्या, "गौरे, खीर चालती का गं तुला?" कुणी म्हणालं, "उंडा एकच घे, बाई." कुणी विचारलं, "सकाळी चालून आलीस का?" सगळ्यांच्याच फोनमध्ये गौरी होती, त्यामुळं सगळ्यांनाच तिची काळजी. आमच्या गल्लीला माया आवरती घ्यायची सवय नाही. आणि मग, "थांबा!" म्हणत अण्णा स्टुलावर चढले आणि त्यांनी फोन तिच्या ताटावर धरला.

गौरीनं ताट बाजूला सारलं, उठली आणि बांधाबांधानं एकटी घरी निघून गेली. येळवशीला शेतातून उपाशी गेलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. अण्णा स्टुलावर तसेच उभे होते.

त्या दिवसापासून पोरगी कुणासमोर जेवेना. आमच्याकडं धपाट्याला येईना. ताट खोलीत न्यायची, दार लावायची आणि ताट जवळजवळ भरलेलंच परत यायचं. सुनंदाला गादीखाली बिस्किटांची रिकामी पाकिटं सापडली. मग शाळाही चुकायला लागली. डॉक्टरांनी जे करू नका म्हणून बजावलं होतं, ते आम्ही सगळ्यांनी मिळून, मोठ्या प्रेमानं, करून ठेवलं होतं.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी अण्णांच्या ओट्यावरच होतो. अण्णा स्पीकर लावूनच बोलतात. त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही मनापासून करताय. पण आता काही दिवस तिच्या ताटाकडं बघू नका. फोटो नको, वजन नको, खाण्याचा विषयच नको. नुसता तिच्याबरोबर वेळ घालवा."

फोन बंद झाला. अण्णांनी तो मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "गुर्जी, नुसता वेळ म्हंजे काय करायचं असतंय?"

"बोलायचं तिच्याशी."

"काय बोलू? आजवर 'जेवलीस का' सोडून दुसरं काई इचारलंच न्हाई मी तिला."

मला हसू आलं. पण अण्णा हसत नव्हते.

"सातव्या महिन्यात झालती ही," ते म्हणाले. "माज्या तळहातावर मावायची. रडायची बी ताकद न्हवती. सून अंथरुणाला खिळलेली, आन् आमच्या मंडळी आदल्याच साली गेलत्या. डॉक्टर म्हनले, अण्णा, वजन वाढलं तरच पोर वाचंल. मग मीच कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. दवाखान्यात काट्यावर ठेवायचे तिला. काटा जरा हलला की मी येताना पेढे घिऊन यायचो. वजन वाढवा म्हनले, वाढवलं. आता बास म्हनून कुणी सांगितलंच न्हाई, गुर्जी. मला आजबी वाटतंय, मी थांबलो तर पोर जाईल."

मी या गावात बदलून आलो तेव्हा गौरी गल्लीभर पळत होती. त्यामागची ही कथा भिंतीला भिंत असूनही मला ठाऊक नव्हती.

पाठीमागं दार वाजलं. गौरी चौकटीत उभी होती. तिनं किती ऐकलं कोण जाणे. अण्णांनी सवयीनं "जेवलीस का" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती येऊन त्यांच्या शेजारी बसली.

"मी काय आता मरत नसते," ती जरा चिडूनच म्हणाली. "उगं भीत जाऊ नका."

अण्णांनी मांडीवरचा फोन बाजूला ठेवला. मग तिनंच विचारलं, "बोळ्यानं म्हंजे कसं पाजायचे? सांगा की."

अण्णा सांगायला लागले. कापूस कसा पिळायचा, थेंब गालाच्या आतल्या बाजूला कसा सोडायचा, ती डोळे मिटूनच कशी चुटूचुटू ओढायची. तिनं आणखी विचारलं, त्यांनी आणखी सांगितलं. तिची आजी कशी होती, तेही निघालं. आत सुनंदानं ताटं मांडली आणि हाक मारली, "अण्णा, चला जेवायला."

"येतो गं," अण्णा म्हणाले, आणि बोलत तिथंच बसून राहिले.