मैदानाकडे पाठ करून बसणारा सिद्धाप्पा

हॉकीची एकही मॅच न चुकवणारा आणि एकही मॅच न बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, अख्खा हिवाळा त्याच्या शेजारी बसून काढलाय.

आमच्या शहापुरातला विणकर सिद्धाप्पा. माझ्या शिलाईच्या दुकानाला लागूनच त्याचा माग. मॅचच्या दिवशी हा सगळ्यांच्या आधी बेळगावच्या मैदानावर हजर. चांगली जागा धरायची, उपरणं अंथरायचं, आणि मैदानाकडे पाठ करून बसायचं. मागे काय चाललंय ते मी सांगायचं. गर्दीत लोक आमच्याकडे बोट दाखवून हसायचे. सिद्धाप्पा मान खाली घालायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"अण्णा, चेंडू कुठं हाय?"

"तुमच्या पाठीमागं. वळा की जरा!"

"नगो. मी बघितलं की घात हुतोय."

या पाठ फिरवण्यामागं आदल्या वर्षाची गोष्ट होती. शहापूर तेव्हा संस्थानात आणि बेळगाव इंग्रजाच्या राज्यात. त्यामुळे कॅम्पातल्या, म्हणजे इंग्रजांच्या छावणीतल्या संघाबरोबर आमच्या अनवाणी विणकर पोरांची फायनल म्हणजे गावाच्या इभ्रतीचा सवाल. आमचा कप्तान शंकर हा सिद्धाप्पाचा पुतण्या. आईबाप लहानपणीच गेले, यानंच वाढवला. सिद्धाप्पाला स्वतःचं मूलबाळ नाही, बायकोही गेलेली. शंकर म्हणजे त्याचं सगळं घरदार.

तर त्या फायनलसाठी यानं आधीच जरीकाठी फेटा विणून ठेवलेला. अर्ध्या खेळाला आम्ही एका गोलानं पुढं. झालं! हा पठ्ठ्या पेढ्यांची पुडी घेऊन सरळ मैदानात घुसला आणि भर गर्दीत शंकरच्या डोक्याला फेटा बांधून मोकळा. वडीलधाऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं? पोरगं फेटा बांधूनच खेळायला लागलं. पळता पळता फेटा सुटला, पायात आला, शंकर तोंडावर आपटला आणि आमच्यावर गोल बसला. मग दुसरा बसला. कॅम्पातले लोक पोट धरून हसले. वर्षभर बेळगावात आम्हाला 'फेटेवाले' म्हणून चिडवायचे.

शंकर घरी आला तो एवढंच बोलला, "आप्पा, लाज घालवलासा की आमची." आणि आपलं अंथरूण घेऊन मित्राकडं राहायला गेला. त्यानंतर चुलत्याशी एक शब्द बोलला नाही. सिद्धाप्पानं तो फेटा धागा न् धागा उकलून सूत परत कांडीवर गुंडाळलं. फेट्याचं नाव काढलं की उठून आत जायचा. स्वतःच्या डोक्याला मात्र तोच जुना, विटका पटका.

पुढच्या मोसमात दिवाळीपर्यंत आमचा संघ तळाला. मग संक्रांतीनंतर पोरांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, ओळीनं जिंकत सुटली. मी म्हटलं, "सिद्धाप्पा, जिंकलो!"

"जिंकलो म्हणू नगा. हरलो न्हाय म्हणा." तो इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला. "मनात आणू नगा, अण्णा. मनात आणलं की नासतंय."

मनात आणायचं नाही म्हणे! याचा माग मला भिंतीपलीकडनं ऐकू येत होता. एरवी संथ चालणारा, आता असा काही खटाखट पळायचा की माझ्या दुकानातल्या कात्र्या हलायच्या. मी विचारलं, "आज हात लई चाललाय?" तर चोरी पकडल्यासारखा लाजला. "थंडी हाय," म्हणाला.

आणि पोरं पुन्हा फायनलला पोचली. पुन्हा कॅम्पच समोर.

सिद्धाप्पाची पाठ मैदानाकडं, हात मांडीखाली दाबलेले. शेवटी शेवटी शंकरनं गोल मारला. मी उडी मारून ओरडलो.

"खरा का?"

"खरा, खरा!"

"गप बसा खाली. मनात आणू नगा."

शिट्टी झाली. पोरं नाचायला लागली. मी म्हटलं, "आता तरी वळा, देवा!"

"पंचानं परत फिरवलं तर?"

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात घामानं निथळणारा शंकर गर्दीतनं वाट काढत आला, वळसा घालून चुलत्याच्या पुढ्यात उभा राहिला आणि डोकं वाकवलं.

"आप्पा, फेटा आणलासा न्हवं?"

सिद्धाप्पाचा चेहरा उतरला तो मला बघवेना. गेल्या साली हरायच्या दिवशी फेटा तयार, आणि आज हात रिकामे! तो म्हणाला, "न्हाय रं पोरा. भ्यालो. मनातच आणलं न्हाय मी."

शंकर तसाच वाकून उभा. मग सिद्धाप्पानं आपला विटका पटका सोडला, झटकला आणि त्याच्या डोक्याला घट्ट, दोनदा ओढून बघत बांधला.

त्या काळी बोडक्या डोक्यानं रस्त्यावर दिसायचा तो सुतकातला माणूस. मी घाईनं माझी टोपी पुढं केली, "घाला हो, लोक काय म्हणतील?" त्यानं ती बाजूला सारली.

मिरवणूक खडेबाजारातनं निघाली. पुढं शंकर, त्याच्याबरोबर बोडका सिद्धाप्पा, मान वर करून. एका दारातली म्हातारी त्याचं डोकं बघून चरकली.

"अगं बाई! कोण गेलं वं तुमचं?"

"कोण न्हाय गेलं, आक्का," सिद्धाप्पा म्हणाला. "पोरगं घरला आलंय."