आशालताबाईंची तिसरी चढाई

"शुक्रवारी मी गाडी चालवत घरी येणार! आणि तुम्ही शेजारच्या सीटवर गप्प बसणार!"

आशालताबाईंनी कप असा आपटला की बशीतलं बिस्किट टेबलाखाली पळालं.

अविनाशरावांनी पेपरातून डोकं वर काढलं. "गप्प? मी?"

शंका रास्त होती. बायकोला गाडी शिकवताना ते सुकापूरच्या नाक्यापासून नवीन पनवेलच्या स्टेशनपर्यंत एकच आरती म्हणत, "आरसा, क्लच, गिअर, ब्रेक! आरसा, क्लच, गिअर, ब्रेक!" आशालताबाई हटकून आधी ब्रेक दाबत, मग आरशात बघत. आरशात मागच्या रिक्षावाल्याचा जबडा दिसे.

लायसन्सच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या होत्या. गाडी येत नव्हती असं नाही. समोर अधिकारी दिसला की हात बर्फ, छाती ढोल! पहिल्या वेळी परीक्षा संपेपर्यंत त्यांनी हॉर्न सोडला नाही. दुसऱ्या वेळी घाबरून मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चला."

आता शुक्रवारी लर्निंगची मुदत संपत होती. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर विचुंब्याला बहिणीकडे जायचं तर तेच वाक्य: "अहो, जरा सोडता का?" ह्या वाक्याचा त्यांना वीट आला होता. दहा मिनिटांचा रस्ता, पण अविनाशराव असे सोडत की जणू काशीला नेऊन आणलं!

आधी श्वासाचा बंदोबस्त करायला हवा होता.

*फुर्रर्र! (ही पंचांची शिट्टी. डाव सुरू.)*

ऑनलाइन योगवर्गाच्या किशोरीताई मधाळ आवाजात म्हणाल्या, "चार आकडे श्वास घ्या, सात आकडे धरा, आठ आकडे सोडा."

आशालताबाईंनी तीस वर्षं बँकेत काढलेली. त्यांनी लगेच माइक चालू केला. "ताई, जमा चार आणि खर्च आठ? हा हिशेब कुठल्या शाखेत चालतो?"

"काकू, तुम्ही आकडे सोडा. भ्रामरी करा. भुंग्यासारखा गुणगुणाट."

त्यांनी गच्चीवर बसून मनापासून गुणगुणाट केला. तिसऱ्या मिनिटाला खालून आवाज आला, "पंप कोणी चालू ठेवलाय? टाकी भरून वाहील!" आणि पंप बंद करायला वर आले कमळाकरशेठ.

कमळाकरशेठ म्हणजे ज्यांच्या भातशेतीवर ही सोसायटी उभी आहे ते. गळ्यात दोरखंडाएवढी साखळी, नावावर चार इमारती, पण बोलण्यात एकच विषय: तरुणपणी मारलेल्या कबड्डीच्या चढाया.

"पंप नाय, तुमी हाय व्हय! वैनी, ह्यो कसला आवाज?"

"भीती जायला श्वासाचा प्रकार करतेय, शेठ."

"त्याला येवढं कशाला? समोर सात गडी मांडी ठोकून उभं असलं का आमाला पन भ्या वाटायचं. पन दम घुमवला का भीती गायब! तोंडात कबड्डी असली ना, डोक्यात दुसरं काय शिरतच नाय!"

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर खडूची रेघ. आशालताबाई साडी खोचून रेघेवरून निघायच्या, एका दमात "कबड्डी कबड्डी कबड्डी" घुमवत टाकीपर्यंत जायच्या, टाकीला हात लावायच्या आणि दम तुटायच्या आत रेघेवर परत.

आणि काय सांगू! छातीतला ढोल टाळीएवढा झाला! किशोरीताईसुद्धा म्हणाल्या, "लांबलचक उच्छ्वास? उत्तमच, काकू!"

एकच घोटाळा झाला. शेठनी दम सुटा शिकवला नव्हता. दम, स्पर्श, धूम परत, असा अख्खा संच शरीरात जाऊन बसला होता.

*फुर्रर्र! चढाई पहिली.*

सोसायटीची सभा. सेक्रेटरी म्हणाले, "पाण्याबद्दल आशालताबाई बोलतील." बाई उभ्या राहिल्या. पन्नास डोळे. छाती ढूम! त्यांनी बारीक आवाजात दम घुमवला. जीव शांत झाला. पण दम संपत आला तशी त्यांनी झेप घेतली, सेक्रेटरींच्या खांद्यावर थाप मारली आणि धावत जाऊन उंबरठ्यावर पाय ठेवला.

कोणी काही बोलायच्या आत मागून कमळाकरशेठ गरजले, "गडी बाद! बसा खाली!"

सेक्रेटरी बसले. पाण्याचा विषय तिथंच संपला.

"अगं, हा आजार आहे!" अविनाशराव घरी म्हणाले.

"होता!" आशालताबाई म्हणाल्या. "आता बरा झाला!"

*चढाई दुसरी. (दम घेऊन ठेवा. पुढं जागा नाही.)*

शुक्रवार. परीक्षेचं मैदान, पांढऱ्या रेघाच रेघा, टायरांच्या रांगा. अधिकारी भाविका मॅडम, चेहरा नो पार्किंगच्या पाटीसारखा. कुंपणापलीकडून अविनाशरावांची आरती चालूच, "आरसा, क्लच…" शेजारी कमळाकरशेठ, खास प्रोत्साहनाला आलेले.

"घ्या पुढं," मॅडम म्हणाल्या आणि छातीत ढोल वाजला आणि आशालताबाईंनी कबड्डी कबड्डी पहिला गिअर टाकला कबड्डी आणि गाडी लोण्यासारखी सुटली कबड्डी कबड्डी मॅडम म्हणाल्या काय पुटपुटताय पण दम तोडून उत्तर दिलं तर बाद म्हणून कबड्डी कबड्डी मॅडम म्हणाल्या मंत्र आहे का कबड्डी आणि आठचा आकडा झाला सुद्धा एकही टायर न हलता कबड्डी आणि मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदा भुवई खाली आणली कबड्डी कबड्डी आणि आता फक्त समोरच्या चौकोनात गाडी उभी करायची कबड्डी आणि दम संपत आला कबड्डी आणि उजवीकडे, अगदी जवळ, एक लांब, सरळ, पांढरीशुभ्र रेघ कबड्डी कब…

थाप! मॅडमच्या खांद्यावर.

दार उघडलं. आशालताबाई रेघेकडे धावल्या!

आता भाविका मॅडमनी ब्रेक ओढायला हवा होता. पण मॅडम कबड्डीवेड्या पेणच्या. कॉलेजच्या संघात त्यांची घोट्याची पकड अख्ख्या जिल्ह्यात दरारा राखून होती. थाप बसली, आणि पंधरा वर्षांची सरकारी नोकरी अंगावरून गळून पडली. मॅडमनी दुसऱ्या दारातून सूर मारला, गाडीमागून वळसा घेतला आणि रेघ वीतभर उरली असताना बाईंचा घोटा धरला!

"सुटा वैनी, सुटा! हात लांब करा!" शेठ कुंपणावर चढले.

परीक्षेला आलेले सगळे रांग मोडून धावले.

"लागला! रेघेला हात लागला!"

"नाय लागला! नख लागलं!"

"नख धरतात!"

"कुठल्या नियमात?"

ह्या सगळ्यात एकच माणूस दुसरीकडे बघत होता. "माझी गाडी!" अविनाशराव किंचाळले. "अहो, गाडीत कोणी नाही!"

खरंच. गाडी पहिल्या गिअरवर, फेरफटका मारायला निघाल्यासारखी, एकटीच चालली होती. ती चौकोनात शिरली, टायरला नाक टेकलं, एक उसासा टाकला आणि बंद पडली. चारही चाकं रेघांच्या आत!

भाविका मॅडम उठल्या. गुडघ्यावरची धूळ झटकली, गणवेश सरळ केला आणि पुन्हा पाटी झाल्या.

"गाडी पास," त्या म्हणाल्या. "चालक बाद."

आशालताबाईंचा चेहरा पडला. मॅडम जरा वाकून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "काकू, आमच्या प्रौढ महिला संघात चढाईला कोणी नाही. येता?"

*चढाई तिसरी.*

पुढच्या महिन्यात सामना ठरला. तोही नेमका विचुंब्याच्या मैदानावर! आशालताबाई गुडघ्याला पट्टा बांधून हॉलमध्ये आल्या, भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या आणि दात आवळून म्हणाल्या, "अहो, जरा सोडता का?"

अविनाशरावांनी सोडलं. वाटेत काशीचा उल्लेख दोनदा झाला.

मैदानाभोवती सारं गाव. बहीण पहिल्या रांगेत. शिट्टी वाजली. आशालताबाई मध्यरेषेवर आल्या आणि छातीत ढोल! समोर सात बायका मांडी ठोकून उभ्या! आता ह्या भीतीवर उपाय काय? कबड्डीची भीती कबड्डीनं जायची कशी? काही वेगळंच म्हणायला हवं होतं. त्यांनी डोळे मिटले, श्वास भरला आणि खणखणीत आवाजात दम घुमवत सुटल्या:

"आरसा क्लच गिअर ब्रेक आरसा क्लच गिअर ब्रेक आरसा क्लच…"

सातही जणी जागच्या जागी थिजल्या. पंचांची शिट्टी तोंडातून खाली पडली. त्यांनी ती उचलली, पुसली आणि वाजवली.

"बाद! हा कुठला दम?"

आशालताबाई मान खाली घालून बाहेर येऊन बसल्या. अविनाशराव गर्दीतून वाट काढत आले. डोळे पाणावले होते त्यांचे.

"अगं," ते गहिवरून म्हणाले, "आज पहिल्यांदा क्रम बरोबर म्हटलास!"