पडद्याला विचारलेले शब्द

ईरप्पांच्या किराणा दुकानात साखर मागितली की आधी एक इंग्रजी शब्द कानावर पडतो. तो आपल्यासाठी नसतो. अप्पा एक जीर्ण पुस्तक डोळ्यांजवळ धरतात, मागच्या पडद्याकडे तोंड करतात आणि ओरडतात, ‘‘ऑब्सीक्वियस!’’ मग थांबतात. थोड्या वेळाने मान डोलावतात. ‘‘बराबर! लाळघोट्या.’’ आणि साखर मिळते.

लोह्याहून बदली होऊन मी उदगीरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला आलो, ते यांच्याच माडीवर भाड्याने. पहिले पंधरा दिवस मी त्या पडद्याला अदबीने नमस्कार करत होतो. आत काकू बसल्या आहेत, जरा लाजाळू आहेत, अशी माझी खात्री. एकदा अप्पांनी ‘लग्युब्रियस’ विचारला, तर मला आला नाही आणि पडद्याला आला. ‘‘बराबर! रडवेला.’’ इंग्रजीच्या मास्तराला तोंड लपवायला जागा उरली नाही.

शेवटी समोरच्या चहावाल्या रहीमभाईंनी मला बाजूला घेतलं. ‘‘सर, तुम्ही रोज कुणाला नमस्कार करून राहिले? काकूला जाऊन दोन साल झाले की.’’

हातातला चहा तसाच गार झाला.

हकीकत अशी. पुण्याची नात फोनवर इंग्रजीतच बोलायची, म्हणून महादेवीकाकू हट्टाला पेटल्या. रद्दीतून अवघड शब्दांचं पुस्तक उचललं. ‘‘सोपे कुणाला बी येत्यात,’’ म्हणाल्या. दुकानातून अप्पा शब्द विचारायचे, पडद्यामागे डाळ निवडत काकू अर्थ सांगायच्या. शब्द नीट ऐकू आला नाही की तेलाच्या रिकाम्या डब्यावर एक टिचकी. म्हणजे, पुन्हा सांगा. अर्ध्या पुस्तकावर काकू गेल्या. अप्पांनी पुढचं पान उलटलं.

हे कळल्यावर मी दुकान टाळू लागलो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. निदान लोह्यात तरी नव्हता. पण मीठ संपलं. भर दुपार, वीज गेलेली, दुकानात आम्ही दोघंच.

‘‘झेफर!’’ अप्पा ओरडले.

पडद्याआड डबा वाजला. टण.

मी दाराकडे सरकलो. अप्पांनी शांतपणे शब्द पुन्हा सांगितला, थांबले, हसले. ‘‘बराबर. वाऱ्याची झुळूक.’’ पडदा हलत होता. मी धीर करून आत डोकावलो. स्टूल, डबा, डब्यावर काकूंचा चष्मा. साऱ्या दुकानावर पिठाची धूळ होती. चष्म्याच्या काचा तेवढ्या लख्ख.

‘‘उंदीर असेल,’’ मी म्हणालो.

‘‘असंल,’’ अप्पा म्हणाले आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं. शेवटचं पान होतं. ‘‘सर, दोनच शब्द राहिलेत. संपले की ती म्हणंल, झालं, जाते आता. नांदेडला गेलाव तर याहून मोठं पुस्तक आणा की. तवर हे दोन मी धरून ठेवतो.’’

मी मुळात भित्रा. पण त्या माणसाकडे बघून माझी भीती मलाच लाजिरवाणी वाटली. तीन दिवस दुकानात एकही शब्द ऐकू आला नाही. रविवारी नांदेडला जाऊन मिळाली तेवढी जाड डिक्शनरी आणली.

अप्पांनी ती उघडली नाही. आधी काट्यावर ठेवली. आकडा पाहिला, डोळे पुसले आणि पडद्याकडे वळले.

‘‘ऐकलंस का गं? अडीच किलो भरलं. मी हाय तवर पुरतंय.’’

आत डबा वाजला. टण.

‘‘अडीच किलो,’’ अप्पांनी पुन्हा सांगितलं.