ओठ गोल की ओठ सपाट?

"उद्यापासून या घरात सगळं इंग्रजीत!" मावशींनी जाहीर केलं.

यजमान चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे उद्यापासून घरात शांतता!"

मावशी हाडांच्या दवाखान्यात होत्या. पेशंटला उठवणं, बसवणं, चालवणं यात बावीस वर्षं गेलेली. आता परदेशी पेशंटांसाठी वरचा मजला उघडणार होता आणि मेट्रनबाईंनी बजावलं होतं, "इंग्रजी बोलणाऱ्यांनाच वर!" मावशींनी तडक क्लास लावला. पन्नाशीत पहिल्या बाकावर!

त्या आठवड्यात सरांनी दोन शब्द घोटून घेतले. 'वॉक' म्हणजे चालणं, 'वर्क' म्हणजे काम. "एकाला ओठ गोल, एकाला सपाट. एवढं सांभाळा!" वर्गात मावशी खणखणीत म्हणाल्या. घरी पोचेपर्यंत मात्र गोल कुठलं नि सपाट कुठलं, याचा पार गुंता झाला. यजमानांना विचारणं म्हणजे आपणहून नाक कापून देणं! शेवटी मावशींनीच निकाल लावला : माणूस चालतो सपाट जमिनीवर, तेव्हा चालणं सपाट!

दुसऱ्याच दिवशी पहिले परदेशी पेशंट आले. निवृत्त हेडमास्तर, गुडघा नवा कोरा, शिस्त जुनी. मेट्रनबाई म्हणाल्या, "यांना रोज चालवायचं. तीन दिवस हे तुमच्याकडे. जमलं तर मजला तुमचा!"

मावशींनी ओठ इस्त्री केल्यासारखे सपाट केले. "सर! वर्क! मॉर्निंग वर्क, इव्हिनिंग वर्क!"

साहेबांच्या भुवया कपाळावर चढल्या. "वर्क? मी?"

"येस सर! डॉक्टर से, नो वर्क, नो होम! टेक स्टिक!"

एवढ्यात शेजारच्या खोलीतली घंटा वाजली आणि मावशी तिकडे धावल्या. दाराशी चालायची काठी होती, तिच्या शेजारी लांब दांड्याचा कोरडा मॉप होता. 'वर्क' म्हटल्यावर हेडमास्तर दुसरं काय उचलणार?

मावशी परतल्या तेव्हा साहेब वहीत समास आखावा तशी फरशी पुसत होते.

"नो सर, नो! वर्क! वर्क!" मावशी किंचाळल्या.

साहेबांना वाटलं, आपला वेग कमी पडतोय. त्यांनी वेग वाढवला!

हे बघून बाकीचे पेशंट हादरले. "काम केल्याशिवाय घरी सोडत नाहीत म्हणे!" हात प्लास्टरमध्ये असलेला शिंपी एका हाताने चादरींच्या घड्या घालू लागला. कुबड्यांवरच्या आजी कुंड्यांना पाणी घालायला निघाल्या. मेट्रनबाई मोठ्या डॉक्टरांना घेऊन राउंडला आल्या, तेव्हा वॉर्डात पेशंट असा एकही उरला नव्हता. सगळे कर्मचारी!

"हे काय चाललंय?"

साहेब ताठ उभे राहिले. "डॉक्टरांची आज्ञा. काम नाही, तर घर नाही."

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, मी फक्त 'चाला' म्हटलं हो!"

"नेमकं काय म्हटलंत?"

"वर्क!"

डॉक्टर पोट धरून स्टुलावर बसले. डोळे पुसून त्यांनी गुडघा तपासला. तो झकास वाकत होता! "नुसतं 'चाला' म्हणून कुणी इतकं चाललं नसतं," ते म्हणाले. खुलासा झाला, तरी साहेब मॉप सोडायला तयार होईनात. निवृत्तीनंतर त्यांना कुणी पहिल्यांदाच काम सांगितलं होतं!

"मजला तुमचा," मेट्रनबाई हसू दाबत म्हणाल्या. "पण तेवढा एक शब्द सुधारा, बाई!"

मग काय! मावशी तीन दिवस आरशासमोर माशासारखे ओठ गोल करून उभ्या.

चौथ्या दिवशी साहेबांना न्यायला त्यांची पत्नी आली. नवऱ्याच्या हातात मॉप बघून ती मटकन खाली बसली. मग मावशींचा हात धरून म्हणाली, "चाळीस वर्षं मी यांना साधा कप उचलायला सांगतेय! तुम्ही कुठला शब्द वापरलात? अगदी तसाच म्हणून दाखवा!"

मावशींची छाती फुगली. अख्खा वॉर्ड गोळा झाला. त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि तीन दिवसांच्या सरावाने ओठ आपोआप गोल झाले.

"वॉक!"

स्वच्छ! गोल! निर्दोष!

साहेबांनी मॉप भिंतीला टेकवला, काठी घेतली आणि फिरायला निघून गेले.