खुर्चीतला खळगा

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी चेकरांनी स्वतःसाठी खुर्ची आणली आणि तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या बायकोने चित्रासाठी ताब्यात घेतली. मधल्या काळात त्यांना तिच्यात बसायला मिळाले ते एकूण पाच तास, आणि त्यातलाही अर्धा तास शेजाऱ्यांना तिची पाठ कशी मागे झुकते ते दाखवण्यात गेला.

चेकरांची नोकरी बसमधली. चौतीस वर्षे त्यांनी हलत्या बसमध्ये उभ्याने लोकांची तिकिटे तपासली. समोर बसलेली माणसे, आणि आपण एका हाताने दांडा धरून उभे. पायांच्या शिरा फुगल्या, टाचा कामातून गेल्या. निरोपसमारंभात सोबत निवृत्त होणाऱ्या बाकीच्यांनी पुढचे बेत सांगितले, कुणी प्रवास करणार होते, कुणी बाग करणार होते. चेकर उठले आणि म्हणाले, मी आता बसणार आहे. लोक खो खो हसले. चेकर मुळीच विनोद करत नव्हते.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण तीस वर्षे त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती. दुसऱ्यांच्या मुलांच्या वाकड्या फुलदाण्या सरळ करण्यात उमेदीची वर्षे गेली, आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर स्वतःचे काही काढायला त्या इतक्या अधीर झाल्या, की पहिले वर्ष त्यांना काहीच सुचले नाही. मग एका कलादालनाने त्यांना तीन महिन्यांनंतरचा एक आठवडा देऊ केला. बाईंनी चित्रमालिकेचे नाव ठरवले, ‘विरक्ती’. सात चित्रे, सात वस्तू, आणि प्रत्येक वस्तू वापरणारा माणूस ती सोडून निघून गेलेला. खुर्ची, छत्री, चपला, चष्मा, कप, काठी आणि शेवटी नुसते उघडे दार.

“अहो, जरा उठता का?” बाई म्हणाल्या.

चेकर उठले. खुर्चीच्या कापसाच्या गादीत त्यांच्या बैठकीचा खळगा राहिला होता आणि खिडकीतले ऊन नेमके त्यात उतरले होते. बाई दोन पावले मागे सरकल्या, डोळे बारीक करून बघत राहिल्या, आणि मग त्यांनी खाली बसून खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूने रेघा मारल्या.

“आता हिला हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या. “तो खळगा मोडला तर सगळं मुसळ केरात.”

“किती दिवस?”

“चार-पाच. मग मी छत्री घेईन.”

चार-पाच दिवसांचाच प्रश्न होता, पण ते काढायचे कुठे? सोफ्यावर कोरे कॅनव्हास उभे होते. जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्यांवर रंगांचे नमुने वाळत होते आणि चौथीवर टर्पेंटाइनची बाटली होती. दिवसा पलंगावर आडवे झाले की बाई कपाळाला हात लावून ताप बघायच्या. चेकर घरातल्या घरात फेऱ्या मारू लागले. स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर, मध्ये थांबा नाही. येता-जाता ते त्या खुर्चीकडे बघायचे, आणि खुर्ची तशीच मोकळी असायची. चौतीस वर्षे ज्या आशेवर पाय झिजवले ती समोर आणि आपण पुन्हा उभेच, या विचाराने त्यांना खरोखर रडू यायचे बाकी होते.

चौथ्या दिवशी चार वाजता बाई भाजी आणायला बाहेर पडल्या. चेकरांनी दार लागल्याचा आवाज ऐकला, खिडकीतून खाली पाहिले, मग स्वतःला बजावले की फक्त दोन मिनिटे, आणि हातातली रहस्यकथा घेऊन ते अलगद खुर्चीत बसले. पाठ मागे झुकली. पायांतून काहीतरी निथळून गेल्यासारखे झाले. त्यांनी दीड पान वाचले असेल.

जाग आली तेव्हा पावणेपाच झाले होते. गादीतला खळगा आता परातीएवढा झाला होता. चेकरांनी घाबरून गादी थोपटली, तर खळगा साफ नाहीसा झाला. मुठीने दाबून पाहिले, तर मुठीचेच ठसे उमटले. बाई पाचला येणार. चेकर स्वयंपाकघरात धावले, पाच लिटरचा कुकर पाण्याने भरला, गादीच्या मधोमध ठेवला आणि वरून दोन्ही हातांनी दाबला. खळगा झाला. जरा जास्तच नीटस झाला, पण झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कुंचला हातात घेऊन किती तरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

“हा असा गोल होता का हो?”

“मला काय कळतंय चित्रातलं,” चेकर म्हणाले. हे खरेच असल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही.

बाईंनी मान हलवली, अर्धे झालेले चित्र भिंतीला टेकवून ठेवले आणि नवा कॅनव्हास घेतला. म्हणजे खुर्ची आणखी चार दिवस अडकली. आपल्याच बुडाने आपली खुर्ची लांबवली, हे चेकरांच्या लक्षात आले. त्यांनी मनाशी शपथ घेतली की आता तिच्याकडे बघायचेसुद्धा नाही. ती शपथ चार वाजेपर्यंत टिकली.

कारण बाई आता रोज चारला भाजीला जाऊ लागल्या होत्या. रोज ताजी आणलेली बरी, असे त्या म्हणाल्या, आणि चेकरांनी इतक्या उत्साहाने दुजोरा दिला की त्यांचे त्यांनाच ओशाळल्यासारखे झाले. कुकरने फसवले म्हणून त्यांनी पुढच्या वेळी जाडजूड शब्दकोश वापरला. खळगा चौकोनी झाला. बाईंनी पुन्हा नवा कॅनव्हास काढला. त्यानंतर उठताना टाच लागून खडूची रेघ पुसली, ती चेकरांनी अंदाजाने पुन्हा मारली, आणि खुर्ची खिडकीकडे वीतभर वळली. तिथे वाचायला उजेडही बरा येत होता, हे त्यांना नाकारता आले नसते. मग एकदा चहाच्या कपाचे वर्तुळ खुर्चीच्या हातावर उमटले, ते पुसता पुसता पॉलिशच निघाले. बाईंनी ते वर्तुळ चित्रात घेतले. त्या आता काही विचारत नव्हत्या, आणि चेकरांना ते विचारण्यापेक्षा जड जात होते.

एक महिना गेला, दुसरा संपत आला. छत्री, चपला, चष्मा, कप आणि काठी कोपऱ्यात रांगेने आपल्या पाळीची वाट बघत होती. मुलीचा फोन आला. “बाबा, आईचं काय चाललंय? एकच चित्र पाचव्यांदा काढतेय म्हणाली. बरी आहे ना ती?” चेकरांनी बरी आहे म्हणून सांगितले आणि फोन ठेवल्यावर बाल्कनीपर्यंत चार फेऱ्या मारल्या. बाईंना उभ्या जन्मात एक प्रदर्शन मिळाले होते आणि आपण त्याच्यावर अक्षरशः बसलो होतो. आज सांगून टाकू, असे ते रोज सकाळी ठरवत. पण सकाळी बाईंची तंद्री लागलेली असे, दुपारी त्या जरा पडत, आणि मग चार वाजत.

प्रदर्शनाला पंधरा दिवस उरले तेव्हा दालनाच्या संचालिका चित्रे बघायला घरी आल्या. काळे कपडे, जाड चष्मा, आणि बोलण्याआधी थांबायची सवय. भिंतीला टेकवून एकाच खुर्चीची सात चित्रे उभी होती, छत्री कुठे नाही, दार कुठे नाही. चेकर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, म्हणजे वेळ आली तर सगळा दोष आपल्या अंगावर घेता येईल.

संचालिका सातही चित्रांसमोरून दोनदा गेल्या. मग वळून म्हणाल्या, “बाई, ही खुर्ची रिकामी नाही.”

चेकर उंबऱ्यावर आले.

“इथे कुणीतरी येऊन जातंय.”

चेकरांनी चौकटीला हात टेकला.

“दिसत नाही, पण आहे. प्रत्येक वेळी वेगळ्या रूपात.” त्या कुकरच्या चित्रासमोर थांबल्या आणि त्यांनी डोळे मिटले. “आणि हे तर शून्य. पूर्ण, निराकार. हे तुम्हाला सुचलं कसं?”

“जसं दिसलं तसं काढलं,” बाई म्हणाल्या.

मालिकेचे नाव बदलून ‘चाहूल’ झाले. संचालिकांचा आग्रह पडला म्हणून खुद्द खुर्चीही दालनात गेली. तिला मधोमध चौथऱ्यावर ठेवले, भोवती दोरी बांधली आणि ‘कृपया बसू नये’ अशी पाटी लावली. ती पाटी आपल्याला उद्देशूनच आहे, असे चेकरांना वाटत राहिले.

दालनात बसायला दुसरे काहीच नव्हते. चेकर सातही दिवस खुर्चीशेजारी उभे राहिले, आणि तिथे ते असे काही शोभत होते की एकदोघांनी आत येताना त्यांना निमंत्रणपत्रिका काढून दाखवली. त्यांनीही ती सवयीने उलटसुलट करून पाहिली. लोक हलक्या आवाजात बोलत. चौकोनी खळग्यासमोर एक निवृत्त न्यायाधीश म्हणाले की ही मर्यादा आहे, माणसाने स्वतःला घालून घेतलेली. चेकरांना शब्दकोश आठवला. कपाच्या वर्तुळासमोर एक तरुणी डोळे पुसत म्हणाली, माझे बाबा अस्सेच कप ठेवायचे. तेव्हा मात्र चेकरांना तिथे उभे राहवेना. आपण सगळ्या गावाला फसवतो आहोत आणि बायकोला सगळ्यात जास्त, हे त्यांना आता सोसेना.

सातव्या दिवशी संध्याकाळी गर्दी ओसरली. चेकर बाईंजवळ गेले.

“अगं, एक सांगायचंय.”

“सांगा ना.”

“तो गोल खळगा आहे ना. तो कुकरचा आहे.”

“पाच लिटरचा,” बाई म्हणाल्या. “तळाला पोचा आहे त्याच्या. चित्रात घेतलाय मी. तुम्ही नीट बघितलं नाहीत.”

बाईंनी पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून घडी घातलेले एक जुने बसचे तिकीट काढून त्यांच्या हातावर ठेवले. चेकर पुस्तकात खूण म्हणून अशी जुनी तिकिटे घालत असत. चोरून बसले त्या पहिल्याच दिवशी ते गादीच्या फटीत पडले होते. बिनतिकीट लोकांना पकडण्यात ज्यांची हयात गेली, ते स्वतः तिकिटासकट सापडले होते.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर बसला असता का तुम्ही?”

“आणि भाजी?”

“गच्चीवर जायचे मी. टाकीच्या कठड्यावर बसायचे पाचपर्यंत. भाजी सकाळीच दारावर घेतलेली असायची. रोज रिकामी पिशवी घेऊन घरात यायचे. एवढे चेकर तुम्ही, एकदा तरी पिशवी तपासलीत?”

बाईंनी पहिल्या चित्राकडे पाहिले, ते अर्धवट राहिलेले, तसेच लावलेले.

“तुम्ही निघून गेल्यावर ही खुर्ची कशी दिसेल, ते काढायला घेतलं होतं मी,” त्या म्हणाल्या. “चार दिवस काढलं आणि पाचव्या दिवशी हात चालेना. म्हटलं नको हे. मग तो कुकरचा खळगा दिसला. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू.”

चेकरांनी तिकिटाची पुन्हा घडी घातली आणि नीट खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी खुर्ची घरी आली. बाईंनी स्वतः गादी झोडपून सारखी केली, फरशीवरच्या खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या आणि म्हणाल्या, “बसा आता. हवं तितकं बसा.”

चेकर बसले. पाठ मागे केली, पुढे केली. उठून वर्तमानपत्र आणले, पुन्हा बसले. गादी उलटी करून पाहिली. खुर्ची तीच होती, खिडकी तीच होती, पण ते दोन मिनिटांचे सुख काही केल्या येईना. समोर बाई पाठमोऱ्या बसून कुंचले धूत होत्या. चेकरांनी पाय लांब केले, आखडून घेतले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. चारला पाच कमी होते.

“अगं,” ते जरा चाचरत म्हणाले, “भाजी संपली असेल ना?”

बाईंनी हात पुसले. खुंटीवरची पिशवी काढली, पायांत चपला सरकवल्या.

“पाचला येते,” त्या दारातून म्हणाल्या. “आणि आज कुकर घेऊ नका, मला लागणार आहे.”

दार लागले. चपलांचा आवाज जिना चढत वर गेला. चेकरांनी तो पुरता ऐकला, खिडकीतून खाली एकदा पाहून घेतले, आणि मग रहस्यकथा घेऊन ते अलगद खुर्चीत बसले.