विचाराल तेवढंच

वाशी तालुक्याच्या तृषा-निवारण समन्वय कक्षात लोक फार प्रश्न विचारतात, ही गंभीर बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आली. टँकर कधी येणार एवढंच विचारायला माणूस यायचा आणि पंख्याखाली बसून साऱ्या खात्याची कुंडली काढून जायचा. यावर उपाय म्हणून कक्षाच्या, 'जावा' या संगणकभाषेत लिहिलेल्या जुन्या प्रणालीला 'ग्राफक्यूएल' ही माहिती मागण्याची नवी पद्धत जोडायचं ठरलं. त्यासाठी तुळजापूरची हर्षाली ही इंजिनिअर नेमली गेली.

"सर, जुन्या पद्धतीत एक माहिती मागितली की सगळं दप्तर अंगावर यायचं," तिनं कक्षप्रमुख रणधीर साहेबांना समजावलं. "यात जेवढं विचाराल तेवढंच उत्तर मिळतं."

साहेब सावरून बसले. "म्हणजे न विचारलेलं सांगायला आपण बांधील नाही?"

"तसं नाही... म्हणजे, तांत्रिकदृष्ट्या नाही."

"इतकी वर्षं आम्ही हे हाताने करत होतो हो!" साहेब गहिवरले.

मग सेटिंगला सुरुवात झाली. काय काय विचारता येतं याची यादी प्रणाली मागणाऱ्याला स्वतःच दाखवते, हे कळताच साहेबांनी ती सोय बंद करायला लावली. पाहुण्याला स्वयंपाकघर दाखवायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. प्रश्न किती खोल जाऊ द्यायचा याला मर्यादा घालता येते, हे तर त्यांना फारच आवडलं. गाव ही पहिली पायरी, टँकर दुसरी, वेळ तिसरी. साहेबांनी मर्यादा दोनवर ठेवली.

"सर, मग वेळ कुणालाच कळणार नाही."

"जनतेनं दोन पायऱ्यांवर समाधान मानायला शिकावं. बरं, चूक झाली तर?"

"तरी उत्तरावर बहुधा 'दोनशे', म्हणजे 'सगळं ठीक', असाच शेरा येतो. या पद्धतीत तसंच असतं."

साहेबांनी उभं राहून संगणकाला नमस्कार केला.

उद्घाटनाचे हार सुकायच्या आत कमलबाई आल्या. सोमवारी दारात नात आरोहीचं लग्न, सारं गाव जेवायला, आणि गावच्या बोअरला नुसती हवा. पाण्यावाचून पंगत उठली तर सोयऱ्यांत तोंड दाखवायची सोय नव्हती.

"बाबा, आमच्या गावाला टँकर हाय का, तेवढं बघ," त्या कारकून योगीराजला म्हणाल्या.

योगीराजनं विचारलं. उत्तर आलं, आहे.

"आन् कवा येनार?"

योगीराजनं पडद्यावरचं वाचून दाखवलं, "प्रश्न मर्यादेपेक्षा खोल आहे." शेरा अर्थातच 'सगळं ठीक' होता.

"खोल? आरं, आमच्या बोअरच्या मानानं लई वरवरचा हाय की!"

गलका ऐकून साहेब बाहेर आले. "मावशी, टँकर आहे हे कळलं ना? आता विश्वास ठेवा."

"इस्वास हाय वो साहेब. पर इस्वासात भात शिजत न्हाय."

हर्षालीला हे ऐकवेना. साहेब चहाला गेल्यावर तिनं सेटिंगमध्ये दोनाचे तीन केले आणि प्रणाली बंद करून पुन्हा सुरू केली. उत्तर आलं, सोमवार, सकाळी आठ. कमलबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "आई भवानी तुजं भलं करंल, बाय."

आणि सोमवारी खरंच आठच्या ठोक्याला टँकर आला! वाजंत्रीवाले नवरदेवाला सोडून टँकरकडे धावले. कमलबाईंनी बोनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, ड्रायव्हर शिवलिंगप्पांना टॉवेल-टोपी दिली. टँकरमागोमाग आलेल्या रणधीर साहेबांनी फेटा बांधून टँकरला टेकून फोटो काढून घेतला. फोटो प्रणालीत चढला आणि कमलबाईंची तक्रार नियमाप्रमाणे निकाली निघाली.

मग कमलबाईंनी घागर लावून तोटी फिरवली. तोटीतून गंजाचा भुगा पडला.

"साहेब, पानी कुटं हाय?"

साहेबांनी मोबाईलवर खात्री करून घेतली. "मावशी, आपण टँकर विचारला, वेळ विचारली. दोन्ही मिळालं. पाणी आपण विचारलेलंच नाही."

मंडपात चुलाणं पेटलेली होती आणि त्यांच्यावर रिकामे हंडे तापत होते.

आता तुम्ही म्हणाल, अडाणी बाई, तिला साधं पाण्याचं विचारायला सुचू नये? पण टँकर आला, नारळ फुटला, फोटो निघाला, तेव्हा काम झालं म्हणून तुम्हीही खूश होऊन पुढं वाचत होतात. त्यात पाणी आहे का, हे तुम्ही तरी कुठं विचारलंत?