वामनकाकांचं आमंत्रण

रविवारी सकाळी दहाला वामनकाका इस्त्रीचा सदरा घालून, डोक्यावर टोपी चढवून कॉम्प्युटरसमोर बसायचे. शेजारी वाटीत कुंकू लावलेल्या अक्षता असायच्या. त्यांचा मुलगा श्रीधर यायचा असे. यायचा म्हणजे तिकडे बंगळूरला बसूनच, टेलिफोनच्या तारेतून. पडद्यावरचा बाण काकांचा हात नसताना हलू लागला, की श्रीधर आला असं समजायचं.

रत्नागिरीत त्यांचं आणि आमचं घर लागून. काकू गेल्यापासून दुपारचा डबा मी देते आणि सकाळी त्यांचं घर झाडून-पुसून काढते. काका मूळचेच मोजकं बोलणारे, आणि मीही तशीच. त्यामुळे आमचं बरं जमतं.

कॉम्प्युटर श्रीधरनेच पाठवला होता. तो सारखा बिघडायचा आणि श्रीधर दर रविवारी तिकडून दुरुस्त करायचा. पण त्याला आत शिरायला आधी काकांनी इथून आमंत्रण पाठवावं लागे. नुसतं एक बटण दाबलं की झालं, असं श्रीधर सांगायचा. काकांना ते पटत नसे. उभा जन्म कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस! ते आमंत्रणाला जावक क्रमांक घालत, वहीत नोंद करत, आणि खाली मजकूर लिहीत: सहकुटुंब सहपरिवार येऊन कार्यास शोभा आणावी. मग कॉम्प्युटरवर चार अक्षता टाकत आणि मगच बटण दाबत.

"बाबा, पत्रिका कसली पाठवता? मी एकटाच येणार ना!" श्रीधर फोनवर ओरडायचा. त्याचा आवाज मला पडवीत ऐकू यायचा.

"असू दे रे. रीतीने होऊ दे," काका म्हणायचे.

त्यात आमच्याकडची लाइन. मध्येच तुटायची. तुटली की म्हणे इंटरनेटवरचा आपल्या घराचा नंबर बदलतो आणि जुनं आमंत्रण वाया जातं. मग काका पुन्हा वही उघडत. एका रविवारी सात आमंत्रणं गेली. "काय गो सुमन," मला म्हणाले, "सात वेळा बोलावलं तर गणपतीसुद्धा आला असता."

बाण हलला की काका टेबलाला हात टेकून उठून उभे राहात. पाहुणा आल्यावर बसून कसं राहायचं? श्रीधरने त्यांना एवढंच बजावलं होतं, की मी काम करताना कशाला हात लावू नका, आणि कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण तर मुळीच दाबू नका, ते दाबलं की माझा हात सुटतो.

पण एका पावसाळ्यानंतर भलतंच सुरू झालं. श्रीधर यायचा, बाण हलायचा, काका उभे राहायचे, आणि बाण जागच्या जागी थांबायचा. पडद्यावर श्रीधर लिहायचा, 'लाइन सोडा, फोन करतो.' लाइन सोडल्याशिवाय फोन लागायचा नाही, कारण तार एकच. मग फोनवरून शोध सुरू व्हायचा. ही वायर काढा, ती लावा, मागचा दिवा हिरवा आहे का. अर्ध्या तासाने बोलणं वायरीवरून नातीच्या पडलेल्या दातावर जायचं, तिथून काकांच्या गुडघ्यावर, तिथून आमसुलांवर. श्रीधरने दोन महिने डोकं खाजवलं. त्याला काही सापडलं नाही.

सापडलं मला. एका शनिवारी बटणांवरून फडकं फिरवताना कोपऱ्यातलं बटण अर्धवट खाली बसलेलं दिसलं. कडेला अक्षतेचा लाल दाणा अडकला होता. टेबल जरा हललं की बटण दाबलं जायचं, आणि काका तर टेबलावर भार देऊनच उठायचे. मी केसातल्या पिनेने दाणा काढला आणि खिडकीबाहेर टाकला. जन्मात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाचं काम आपण केलं, असं वाटलं. कोणाला बोलले मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दहाला गेले. काका उभे राहिले. बाण थांबला नाही. इकडे गेला, तिकडे गेला, पडद्यावरच्या खिडक्या उघडल्या, मिटल्या. वीस मिनिटं खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. शेवटी श्रीधरने लिहिलं. काकांनी ते वाचून दाखवलं: 'झालं, बाबा. मुळापासून सगळं नीट केलंय. आता दर रविवारी त्रास नको.'

बाण स्थिर झाला. काकांनी लाइन सोडली आणि फोनजवळ जाऊन उभे राहिले. फोन वाजला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

मला राहवेना. म्हटलं, "काका, कोपऱ्यातल्या बटणात दाणा होता. काल मी काढला."

"तो होय," काका म्हणाले. "मला ठाऊक होतं." मग विचारलं, "टाकलास कुठे?"

"बाहेर."

"बरं केलंस," एवढंच म्हणाले. त्या दुपारी डबा तसाच परत आला.

पुढचे दोन रविवार काकांनी सदरा घातला, पण आमंत्रण कशासाठी पाठवायचं? नीट चालणारा कॉम्प्युटर समोर घेऊन बसून राहिले. वहीत नोंद नाही.

तिसऱ्या शनिवारी मी पुसायला गेले तेव्हा काका आंघोळीला होते. वाटीतला एक दाणा घेतला आणि होता तसा कोपऱ्यात बसवला. मग मागची वायर थोडी सैल केली, कॉम्प्युटर सुरूच होईना इतकीच. काका बाहेर आल्यावर म्हटलं, "काका, आज काही दिसत नाही यात. बिघडला वाटतं."

काकांनी वायरीकडे पाहिलं, मग वाटीकडे. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो गो. बिघडलेलाच दिसतोय."

रविवारी मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. वायर काकांनी आपली आपणच बसवून आमंत्रण पाठवलं असावं. दहा वाजून गेले आणि भिंतीपलीकडे फोन वाजला.

"नाही रे, मला काय कळतंय त्यातलं," काका मोठ्याने सांगत होते. "हिरवा? थांब हां, बघतो. छोटीचा दुसरा दात पडला का?"